गोठ्यातला चौकोनी तवा

मी एक चौकोनी तवा आहे आणि मी जुना आहे. तवा म्हणून मला फार वर्षं झालेली नाहीत, पण त्याआधी मी उसाच्या ट्रॉलीचा पत्रा होतो. घनसावंगीच्या रस्त्यांवर मी इतका ऊस वाहिला आणि इतके खड्डे सोसले, की तेवढं जग एखाद्या गोल तव्याला सात जन्मांत दिसायचं नाही. गोल तव्यांविषयी मी फारसं बोलत नाही. बाजारात ते एकावर एक रचून ठेवलेले असतात, सगळे सारखे, कुठलाही उचला. माझ्यासारखा मात्र या तालुक्यात दुसरा नाही. मित्रांनो, माझं बोलणं तुम्हाला तुसडं वाटेल. वाटू द्या. मी जे पाहिलं ते पाहिल्यावर तुम्हीही गोड बोलला नसता.

ट्रॉली मोडीत निघाली आणि तिच्या पत्र्याचा एक तुकडा, म्हणजे मी, रस्त्याकडेला पाल ठोकून बसलेल्या एका लोहाराकडे आलो. आठवडी बाजाराचा दिवस होता. एक तरुण बाई त्याच्यापुढे उकिडवी बसली आणि तिने बोटाने मातीत एक लांबट चौकोन काढला. चारी बाजूंनी काठ हवा, तळ सपाट हवा, धरायला लाकडी मूठ हवी, असं तिने सांगितलं. लोहाराने आधी चौकोनाकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"ताई, आता भाकरी पण चौकोनी करायच्या का?"

"भाकरी नाही दादा. अंड्याची गुंडाळी करायची आहे. जपानात घरोघरी करतात."

भोवतीची माणसं हसली. जपानातल्या कोंबड्या अंडी चौकोनी देतात का, असंही त्यांच्यातल्या एकाने विचारलं. अशा माणसांना स्वतःच्या विनोदाचं फार कौतुक असतं. लोहार हसून झाल्यावर कामाला लागला आणि काम त्याने चोख केलं, एवढं मी मान्य करतो. मला बाभळीची मूठ बसवून त्याने तिच्या हातात दिलं. तिने मला उलटंपालटं करून पाहिलं आणि पिशवीत घातलं. हसणाऱ्यांकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. तिथेच मला ती बरी वाटली.

तिचं नाव राजनंदिनी. माहेर जालन्याचं. नर्सिंगचं शिकून ती जपानला गेली होती, तिथल्या एका वृद्धाश्रमात म्हाताऱ्या माणसांना भरवायला, न्हाऊ घालायला, उठवायला-बसवायला. राहायला एक लहानशी खोली होती, खोलीत एक शेगडी. दिवसभर राबून आल्यावर मोठा स्वयंपाक कोण करणार? तिच्याबरोबर काम करणाऱ्या बायकांनी तिला त्यांच्या घरचं रोजचं साधं जेवण शिकवलं. भरपूर पाण्यात मंद शिजवलेली तांदळाची पेज. थोडी साखर आणि सोया सॉस घालून झाकणाखाली मऊ केलेला भोपळा. उकळत्या पाण्यातून काढून तिळाच्या कुटात कालवलेला पालक. मिसो म्हणजे सोयाबीन आंबवून केलेला खारट गोळा असतो, त्याचं पातळ कढण. आणि अंड्याची गुंडाळी. वाटण नाही, घाटण नाही, फोडणीचा ठसका नाही. तिचा तिकडचा चौकोनी तवा येताना सामानाचं वजन जास्त झालं म्हणून विमानतळावरच राहिला होता. माझा जन्म त्यामुळे झाला.

लग्न होऊन ती ज्या गावात आली, तिथल्या लोकांना वाटलं होतं की जपानहून आलेली सून काहीतरी यंत्रबिंत्र घेऊन येईल. निदान मोबाईल तरी. तिने आणली कमी तेलात भोपळा शिजवायची रीत. गाव फार नाराज झालं. "फिक्कं खाती," असं तिच्याविषयी बायका सांगू लागल्या, जसं एखादीविषयी चोरी करती म्हणून सांगावं.

तिचा नवरा सोमेश्वर. घनसावंगीत त्याचं खत-बियाण्याचं दुकान आहे. आणि घरात सत्ता त्याच्या आईची, तुळजाबाईची. नवरा गेल्यावर या बाईने एकटीने शेत सांभाळलं होतं, मुलगा शिकवला होता. तिच्या घरात मांस-अंडं कधी आलं नव्हतं आणि येणार नव्हतं. राजनंदिनीने लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात सरळ विचारलं, की आई, मला अंड्याची सवय आहे, चोरून खायचं नाही, तुम्ही सांगा काय करू. तुळजाबाईने थोडा विचार केला.

"माझ्या चुलीला न्हाई. माझ्या भांड्याला न्हाई. गोठ्यात काय करायचं ते कर."

म्हणून मला गोठ्यात खिळा मिळाला, कडब्याच्या पेंढ्यांच्या वर, म्हशीच्या शेपटीच्या टप्प्यात. घरातले गोल तवे आत फळीवर, आणि मी बाहेर. माझं नाव पडलं 'अंड्याचा तवा'. तुळजाबाई दूध काढायला यायची तेव्हा मला पदर लागू नये म्हणून अंग चोरून जायची. जिने मला कधी हातात धरलं नाही, तिच्या पदराची मला तरी कुठे गरज होती?

सोमेश्वरची गोष्ट आणखी मजेची. पाहुण्यांपुढे तो अभिमानाने सांगायचा, "आमच्या घरात चालत नाही हे." आणि आठवड्यातून दोनदा रस्त्यावरच्या ढाब्यावर डबल ऑम्लेट खाऊन, बडीशेप चघळत घरी यायचा. मोटारसायकल लावायला तो गोठ्यातच येई. अंड्याचा वास मला ओळखू येत नसेल असं वाटणाऱ्या माणसाला तुम्ही काय म्हणाल? मी काहीच म्हणत नसे. मी खिळ्यावर लटकून त्याच्याकडे पाहत असे.

रविवारी सकाळी माझा दिवस असायचा. राजनंदिनी छोटी शेगडी लावायची, मला तेलाचं फडकं फिरवायची. दोन अंडी, थोडं पाणी, चिमूट साखर, चिमूट मीठ, सोया सॉसचे चार थेंब. पातळ थर माझ्यावर पसरायचा, अर्धवट शिजला की काडीने गुंडाळायचा, गुंडाळी एका कडेला सारायची, रिकाम्या जागेवर पुन्हा थर. असं करत करत माझ्या चौकोनात एक पिवळीधमक, मऊ वीट तयार व्हायची. राजनंदिनी त्या विटेचे काप करून दगडावर बसून एकटीच खायची. गोल तव्यावर हे होत नाही. एकदा तिने माझ्या देखत बाजारातून आणलेल्या एका गोल तव्यावर करून पाहिलं होतं. काय झालं ते मी सांगत नाही. मेलेल्याची निंदा करू नये.

मग तुळजाबाईच्या गालात काहीतरी झालं.

ती वर्षानुवर्षं मिशरी लावायची, दात घासायची भाजकी तंबाखू. गालाच्या आत जखम झाली होती आणि तिने ती कुणाला सांगितली नव्हती. ओळखलं राजनंदिनीने, कारण तुळजाबाईने ठेचा खायचा सोडला. ज्या बाईचं जेवण ठेच्याशिवाय सुरू होत नव्हतं, ती भाकरी दुधात कुस्करून गिळायला लागली. सोमेश्वर म्हणत होता की उष्णता असेल. राजनंदिनीने सासूला बॅटरीच्या उजेडात तोंड उघडायला लावलं आणि दुसऱ्याच दिवशी तिला संभाजीनगरला नेलं. कॅन्सर निघाला. ऑपरेशन नको, पण किरणांचा शेक घ्यावा लागेल, असं डॉक्टर म्हणाले. दोघी तिथे खोली करून राहिल्या. इकडे मला गंज चढायला लागला. माझ्याकडे पाहायला सोमेश्वरला सवड नव्हती, त्याला ढाबा होता.

दोघी परत आल्या तेव्हा थंडी पडली होती. तुळजाबाईला मी ओळखलं नाही. शेकाने गाठ जिरली होती, पण तोंड आतून भाजून निघालं होतं. जीभ लाल, चव गेलेली, लाळ आटलेली. घरात मोहरी तडतडली तरी तिला उमासे यायचे. म्हणून राजनंदिनीने सासूची बाज अंगणात, गोठ्यासमोर उन्हाला टाकली आणि तिचा स्वयंपाक गोठ्यातल्या शेगडीवर करायला घेतला. त्यासाठी नवं कोरं पातेलं आणलं. मला आणि माझ्या जवळच्या अंड्यांच्या टोपलीला एका बाजूला सारलं. जे मी रोज पाहिलं ते असं पाहिलं, खिळ्यावरून.

ती पेज करायची. न ढवळता, मंद आचेवर, दाणा विरघळेपर्यंत. घरच्याच सोयाबीनचं दूध काढून लिंबाने फाडायची आणि त्याचं लोण्यासारखं मऊ पनीर करायची. भोपळा चमच्याने दाबला तर मोडेल असा शिजवायची. तिखट नाही, मसाला नाही. गावाने ज्या जेवणाला फिक्कं म्हणून नाक मुरडलं होतं, तेच आता त्या बाईच्या तोंडात जाऊ शकत होतं.

आणि ती भरवायची कशी, तेही सांगतो. चमचा उचलायच्या आधी ती सांगायची. "आई, ही पेज आहे." "आई, आता भोपळा, जरा गोडसर लागेल." "आता सोयाबीनचं, थंड आहे." दर चमच्याला. एकदा तुळजाबाईने विचारलं, की मला दिसून राह्यलं, मंग सांगती कशाला? राजनंदिनी म्हणाली, तिकडे आमच्याकडे एक आजी होती, तिला सकाळचं दुपारी आठवत नव्हतं, स्वतःचं नावसुद्धा कधी आठवायचं नाही. पण तिलाही चमच्यात काय आहे ते सांगितल्याशिवाय भरवायचं नाही, असं आम्हाला पहिल्या दिवशी शिकवलं. तोंड तिचं आहे म्हणून. त्यानंतर चमचा आला की तुळजाबाई आधी सुनेच्या तोंडाकडे पाहायची.

आता भेटायला येणाऱ्यांविषयी. मित्रांनो, आजारी माणसाला भेटायला येणाऱ्या लोकांइतके निरुपयोगी प्राणी मी पाहिलेले नाहीत. आणि मी म्हशीच्या माश्यांबरोबर राहतो. ते फरसाण घेऊन यायचे. जिला पाणी गिळताना डोळ्यांत पाणी येतं, तिच्यासाठी फरसाण. मग बाजेभोवती बसून ते स्वतःच खायचे आणि त्यांच्या ओळखीतलं कोण कोण याच आजाराने गेलं ते सांगायचे. सगळ्यांत वरचढ गोजरबाई, तुळजाबाईची धाकटी जाऊ. शेजारच्याच घरात राहणारी. ती पातेल्यावरचं झाकण उचलून बघायची आणि झाकण ठेवताना मोठ्याने सुस्कारा टाकायची. "अक्का, तुमच्या घरात काय कमी हाय? अन् ही तुम्हाला कांजी पाजून राह्यली." तिने स्वतः कधी एक वाटी काही करून आणलं नाही. सुस्काऱ्याला गॅस लागत नाही.

तुळजाबाई खात होती, पण फार थोडं. पाच-सहा चमचे झाले की मान फिरवायची. राजनंदिनी चमचा खाली ठेवायची, तासाने पुन्हा विचारायची. वजन उतरतच होतं. डॉक्टरांनी सांगितलं, की असंच राहिलं तर नाकातून नळी घालून अन्न द्यावं लागेल. अंडी द्या, लवकर ताकद येईल.

त्या दिवशी संध्याकाळी सोमेश्वर गोठ्यात आला आणि बायकोला हळूच म्हणाला, की पेजेत अंडं फेटून घाल, तिची चव गेलीय, तिला काय कळणार आहे?

"त्यांना सांगून घालते."

"सांगितलं तर ती खाईल का?"

"नाही खाल्लं तर नाही. न सांगता मी काहीच घालणार नाही."

तो तिच्यावर चिडला. इथे माझ्या आईचा जीव चाललाय आणि तुला तुझ्या जपानचे नियम पडलेत, असं म्हणाला. त्या भांडणात सासूला विचारायचं मात्र राहून गेलं. तो घाबरला होता, हे खरं. रात्रीचं जेवणही त्याला जात नव्हतं. पण घाबरलेल्या माणसाने काय करावं, यावरूनच तर माणूस कळतो.

सोमेश्वरने काय केलं ते मी सांगतो. सकाळी राजनंदिनी म्हशीला पाणी पाजायला हौदाकडे गेली की तो गोठ्यात यायचा. डॉक्टरांनी सांगितल्यावर राजनंदिनीने टोपलीत आणून ठेवलेल्या अंड्यांतलं एक घ्यायचा. आणि ते फोडायचा माझ्या काठावर. माझ्या! मग उकळत्या पेजेत ते ओतून तंतू दिसेनासे होईपर्यंत पळीने घाईघाईने ढवळायचा, टरफल कडब्यात खुपसायचा आणि दुकानाला निघून जायचा. इतक्या दिवसांनी माझ्या अंगाला अंडं लागलं ते असं, चोराच्या हातचं. त्या काठाला आजही मी स्वच्छ मानत नाही.

राजनंदिनी आपली पेज म्हणूनच भरवत राहिली. "आई, ही पेज आहे." तिचं ते वाक्य खोटं झालं होतं आणि तिला ते माहीत नव्हतं. ते ऐकून तुळजाबाई डोळे मिटायची आणि उमासे दाबत भराभर गिळायची, वाटीत काय आहे ते पाहतच नव्हती. आणि तिला खरंच थोडी ताकद येऊ लागली. ती बाजेवर उठून बसली. एकदा म्हशीला हाक मारली. सोमेश्वर खुशीत शीळ घालत मोटारसायकल लावायला लागला.

मग एका दुपारी राजनंदिनी वाटी घासायला बसली आणि वाटीच्या काठाला तिला एक पिवळा तंतू चिकटलेला दिसला. तिने तो नखाने काढला. टोपली पाहिली. कडबा पाहिला. टरफलं मिळाली.

सोमेश्वर आल्यावर तिने त्याच्यापुढे टरफलं ठेवली. तो म्हणाला, बघतेस ना, गुण आलाय तिला. आता चार दिवस गप्प बस. तू सांगितलंस तर ती तुझ्या हातचं पाणीसुद्धा घेणार नाही, आणि मग जे होईल ते तुझ्या खरेपणामुळे होईल.

मित्रांनो, हे वाक्य साधं नव्हतं. ते खरं ठरण्यासारखं होतं. तरी राजनंदिनी बाजेपाशी गेली, खाली बसली.

"आई, तुम्हाला एक सांगायचंय. गेले काही दिवस तुमच्या पेजेत अंडं गेलं. मला आज कळलं. तुम्हाला पेज आहे म्हणून सांगून मी तेच भरवलं. माझी चूक झाली."

कुणी घातलं ते तिने सांगितलं नाही. तुळजाबाईने विचारलंही नाही. तिने गोधडी डोक्यावर ओढली आणि भिंतीकडे तोंड केलं. संध्याकाळी पेज नको म्हणाली. दुसऱ्या दिवशी सकाळी नको म्हणाली. दुपारी भोपळ्याचा चमचा आला तेव्हा तिने हाताने बाजूला सारला. राजनंदिनी दर तासाला यायची, विचारायची, परत जायची. सोमेश्वर बायकोशी बोलत नव्हता.

अशी गोष्ट एका भिंतीपलीकडे जायला किती वेळ लागतो? गोजरबाई दुसऱ्या दिवशी चार बायका घेऊन आली आणि अंगणातच उभी राहिली. सुनेनं सासूला बाटवलं, एवढ्या वयात तिचा धर्म बुडवला, हेच शिकून आली का तिकडून, असं ती गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात बोलत होती. राजनंदिनी शेगडीपाशी उभी होती. तिने मान खाली घातली नाही आणि नवऱ्याचं नावही घेतलं नाही. सोमेश्वर तेवढ्यात दुकानातून आला होता. हातात हेल्मेट धरून तो गोठ्याच्या खांबाला टेकून उभा राहिला. सगळं ऐकत होता. त्याची बायको त्याच्या वाटचं ऐकून घेत होती आणि तो हेल्मेटची काच पुसत होता. मी ट्रॉलीत असताना पुष्कळ सडका ऊस वाहिला आहे. पण त्याचा वास इतका कधी आला नव्हता.

गोधडी हलली. तुळजाबाई कोपरावर उठली. बोलताना तिला फार दुखत होतं, म्हणून ती थांबत थांबत बोलली.

"गोजरे, नंदिनीनं घातलं न्हाई ते. ती घालणार आसती तर सांगून घातलं आसतं. ती चमचा उचलायच्या आंधी सांगती." मग तिने मुलाकडे पाहिलं. "सोम्या, तू घातलंस."

सोमेश्वर म्हणाला, "तू मरशील म्हणून घातलं, आई."

"मंग मला इचारायचं. म्हातारी झाले, मुकी झाले न्हाई." तिने कोरडाच घोट गिळला, तिचा चेहरा वेडावाकडा झाला. "तू ढाब्यावर खातूस ते म्हाईत हाय मला. किती वर्षं झाली. खायचं तर हितं बसून खा, सगळ्यांसमोर. चोरून खाणाऱ्याला चोरूनच खाऊ घालायचं सुचतं."

बायका एकेक करून निघून गेल्या. गोजरबाई सर्वांत शेवटी गेली, पण गेली.

संध्याकाळी तुळजाबाईने सुनेला बाजेवर बसवलं आणि नळीचं काय ते नीट विचारलं. राजनंदिनीने काही लपवलं नाही. नळी घालताना त्रास होतो, पण ती कायमची नसते. अंड्याने लवकर ताकद येईल. अंडं नको असेल तर सोयाबीनवरही भागेल, पण त्याला रोज आतापेक्षा दुप्पट खावं लागेल. तुम्ही ठरवा, तुम्ही सांगाल ते मी करीन, असं तिने सांगितलं. तुळजाबाई ऐकत राहिली. त्या संध्याकाळी तिने पेज मागून घेतली, नुसती पेज, आणि राजनंदिनीने ती तिच्यासमोर शिजवली.

सकाळी ऊन अंगणात आल्यावर ती म्हणाली, "ते चौकोनी काढ."

राजनंदिनीला आधी कळलंच नाही.

"ते. खिळ्याचं. तू रविवारी करून खातीस ते कर. लई मऊ दिसतं ते."

"आई, ते अंड्याचं असतं."

"म्हाईत हाय. म्हणूनच म्हणून राह्यले."

गंज घासून निघाला, तेल लागलं, मी शेगडीवर चढलो. राजनंदिनीने पाणी नेहमीपेक्षा जास्त घातलं, म्हणजे गुंडाळी अगदी ओलसर होईल. आयुष्यात मी इतकं जपून काम कधी केलं नव्हतं. एक डाग पडू दिला नाही. बाज आत घ्यायची का, असं सुनेने विचारलं, कारण गल्लीतून जाणारं-येणारं दिसत होतं आणि भिंतीपलीकडे गोजरबाईचं डोकं दोनदा वर येऊन गेलं होतं. तुळजाबाई म्हणाली, हितंच ऱ्हाऊ दे.

चमचा वर आला. राजनंदिनी म्हणाली, "आई, हे अंडं आहे."

"व्हय," तुळजाबाई म्हणाली आणि तिने तोंड उघडलं.

तिला आवडलं का, ते मला माहीत नाही. चवच नव्हती तिला. ती एकेक तुकडा डोळे मिटून गिळत होती. एका तुकड्यानंतर तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. दुखल्यामुळे की दुसऱ्या कशाने, ते तिने सांगितलं नाही आणि सुनेने विचारलं नाही. मध्ये एकदा थांबून ती म्हणाली, "जगायचं हाय मला अजून. कालपत्तोर कुणी इचारलंच न्हाई."

थंडी सरेपर्यंत मी रोज चढलो. नळी घालावी लागली नाही. जखमा भरल्या, लाळ थोडी परतली, हळूहळू चवही आली. ज्या दिवशी तिला भोपळा गोड लागला, त्या दिवशी तिने सुनेला सांगितलं, की आता अंडं बस. तब्येत झाली. आता नको. तिने परत अंड्याला तोंड लावलं नाही. आणि मला परत खिळ्यावर टांगायला लावलं. घरात न्यायचं नाव नाही. इतकं करून! मला राग आला, आजही येतो. पण खरं सांगायचं तर, ती नको म्हणाली तेही तिने स्वतः ठरवून म्हटलं, आणि राजनंदिनीने त्यावरही एक शब्द काढला नाही.

सोमेश्वर आता रविवारी गोठ्यात बसून खातो. कान लाल होतात त्याचे अजून. राजनंदिनी त्याच्याशी बोलायला लागली, पण बरेच दिवसांनी, आणि आधी त्याला गोजरबाईच्या घरी जाऊन खरं काय ते सांगून यावं लागलं. त्याच्याविषयी माझं मत बदललेलं नाही. थोडं सैल झालं असेल, फार नाही.

मित्रांनो, मला जपा, पुसा, तेल लावा, अशी विनवणी मी तुम्हाला करणार नाही. लोखंड आपलं आपण बघून घेतं. मागायचं ते एवढंच. घरातल्या एखाद्या माणसाच्या हातात चमचा राहीनासा झाला, तर तो चमचा तुम्ही धरा. पण त्यात काय आहे ते आधी सांगा. माणसाने मान फिरवली तर चमचा खाली ठेवा आणि थोड्या वेळाने पुन्हा विचारा. याला जपानला जावं लागत नाही, नर्सिंग शिकावं लागत नाही, पैसे पडत नाहीत. तरीही तुमच्यातले बहुतेक जण करणार नाहीत, हे मला माहीत आहे. करून मला खोटं पाडा.

गेल्या रविवारी तुळजाबाई दूध काढून झाल्यावर गेली नाही. चरवी बाजूला ठेवून शेगडीसमोर दगडावर बसली, हातभर अंतर ठेवून, पदर सावरून. राजनंदिनी दुसरा थर ओतून कशात तरी गुंतली होती. म्हातारी माझ्याकडे डोळे बारीक करून बघत होती.

"नंदिनी," ती म्हणाली, "उलट जल्दी. कडेनं जळून राह्यलं."